हॉर्न दाबताच चढ चढणारी गाडी

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा जमेल तेवढं वाकून). तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि तुमची नवी गाडी हे तिघेही ठणठणीत असतील असं धरून चालतो. जुन्या गाडीची खुशाली कळवावी म्हणून हे पत्र.

गाडी देताना तुम्ही म्हणाला होतात, ‘घरच्या माणसासारखी आहे’. अगदी खरं निघालं. सकाळी गार असताना निमूट चालू होते. पण एकदा तापली आणि बंद केली, की किल्ली कितीही फिरवा, आतून नुसतं ‘टक्’ म्हणते आणि रुसून बसते. (डिकीत हातोडी कशाला, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. तुम्ही स्टार्टरवर ती हाणायचात हे मामींनी नंतर फोनवर सांगितलं, तेही हसत हसत.) एरवी मी चालवून घेतलं असतं. पण आमच्या हिला घरोघरी जाऊन रुग्णांचे व्यायाम घेण्याची नोकरी मिळाली आहे, आणि सोमवारपर्यंत लायसन्स हातात नसेल तर ती जागा दुसऱ्या बाईंना जाणार होती. त्यात मागच्या खेपेला परीक्षेत चढावर गाडी मागे घसरली आणि परीक्षकांच्या खुर्चीला टेकली. परीक्षक खुर्चीत होते.

आमचे मेकॅनिक म्हणाले, स्टार्टरला वीज सोडणारा जो सोलेनॉइड आहे, तो धुराच्या नळीला खेटून बसलाय, तापला की त्याचं अवसान गळतं. दुसरा आणून लांब, बॅटरीशेजारी बसवा, काम फत्ते. एवढं सांगून ते मेहुणीच्या घराला रंग द्यायला निघून गेले. मग काय, मीच बाह्या सरसावल्या. सोलेनॉइड म्हणजे डबीएवढी वस्तू. दोन जाड खुंट्या, एक बारीक. जाड तारा जाड खुंट्यांना, किल्लीची बारीक तार बारीक खुंटीला. लहान मुलालाही जमेल. मलाही जमलं. (बॅटरीची तार आधी सोडायची असते हे एक ठिणगी उडाल्यावर आठवलं. उजवी भुवई येतेय हळूहळू.) सगळं झाल्यावर एक बारीक तार उरली. इकडेतिकडे पाहिलं, कोणी वारस दिसेना. बिचारीला लोंबकळत कशाला ठेवायची, म्हणून तीही त्याच बारीक खुंटीला बांधून टाकली. किल्ली फिरवली, गाडी चालू! तापवून बंद केली, पुन्हा फिरवली, चालू! मी हिच्यासमोर दोन्ही हात कमरेवर ठेवून बराच वेळ उभा होतो.

ती तार हॉर्नची होती, मामा.

परीक्षेला मी मागच्या सीटवर होतो, तोंड उघडायचं नाही या अटीवर. परीक्षक तेच, खुर्चीवाले, या वेळी मात्र गाडीत हिच्या शेजारी. मैदानाच्या टोकाला तो चढ. नियम असा, की मध्यावर थांबायचं आणि मागे न घसरता पुढे निघायचं. ही थांबली, आणि निघताना इंजिन बंद पडलं. समोर चढाच्या माथ्यावर एक कुत्रं आडवं पसरलेलं. परीक्षक म्हणाले, “बाई, आधी हॉर्न द्या त्याला.” हिने गिअर तसाच ठेवून हॉर्न दाबला. हॉर्न मुका. गाडी मात्र ‘घुर्र घुर्र’ करत, उचकी लागलेल्या माणसासारखी, इंजिन बंद असतानाच चढ चढू लागली! हॉर्नच्या तारेने स्टार्टर फिरत होता आणि गिअरमुळे चाकं, सगळं बॅटरीच्या जिवावर! कुत्रं उठलं, आमच्याकडे एकवार बघून कायमचं निघून गेलं. माथ्यावर इंजिनही आपणहून चालू झालं.

परीक्षकांनी खिडकीतून मान बाहेर काढून मागचा चढ पाहिला. मग म्हणाले, “तसूभरही मागे आली नाही. पास.” गाडीतून उतरल्यावर त्यांनी आपली खुर्ची उचलून स्वतःच भिंतीच्या पलीकडे नेऊन ठेवली.

एकूण, माझ्या हातच्या कामामुळे हिची नोकरी वाचली, हे मामींनाही आवर्जून सांगावं.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता.क. : गाडी आता दिवसभर हिच्याकडे असते आणि मी ऑफिसला पायी जातो. तुमच्या माळ्यावरची सायकल कोणी वापरत नसेल तर पाठवाल का? खरं तर पत्र त्यासाठीच.

ता.क. दुसरं : हिने पत्र वाचलं. म्हणते, तार चुकल्याचं तिला परीक्षेच्या सकाळीच कळलं होतं. फाटकाशी हॉर्न दाबल्यावर गाडीने उडी मारली तेव्हाच. चढावर उपयोगी पडेल म्हणून तिने मुद्दाम तशीच राहू दिली, आणि घरी येऊन स्वतः नीट जोडली. मला सांगितलं नाही, कारण मी फार आनंदात होतो.

ता.क. तिसरं (हिच्या सांगण्यावरून) : सायकलची घंटी काढूनच पाठवा. मी ती कशाला जोडेन याचा तिला भरवसा नाही.