झेंडा धरलेलं कोकरू

मंगळवार, रोहा

आज पेणला सोनाराकडे सहज डोकावलो, तर धरमतरकडच्या हिरामावशी सासूची पुतळ्यांची माळ वितळवायला घेऊन बसलेल्या. लेकीच्या लग्नासाठी नवी घडवायची होती. एका पुतळीवर लक्ष्मी नव्हती, झेंडा धरलेलं कोकरू होतं. जर्मनीतल्या न्युरेंबर्गचं तीनशे वर्षांपूर्वीचं सोन्याचं नाणं! इतकी वर्षं जर्मन नाणी जमवतोय, पण हे फक्त फोटोत पाहिलेलं. आणि भट्टी पेटलेली. मी ओरडलोच, "शेठ, थांबा!"

मग बोलतच सुटलो. किती जुनं, किती दुर्मीळ, असं दुसरं कुठे मिळणार नाही. शेवटी म्हटलं, "मावशी, मला द्या. मागाल ते देतो."

त्यांनी कोकरावरून अंगठा फिरवला. "दुसरं मिलत नाय, व्हय ना? मंग पोरीच्याच गल्यात राहूदे. शेठ, हे मधी घाला."

नाण्याची जुनी कडी तुटलेली. शेठ म्हणाले, उद्या वरून भोक पाडतो.

"भोक नको, डाग देऊन कडीच जोडा ना!"

"डाग टिकत नाय. म्हणून तर तुटली."

का बोललो मी? पण गप्प तरी कसा बसणार होतो?

मीच वाचवलेल्या कोकराच्या डोक्यात उद्या भोक पडणार.