बिनतारी थंडावा

२ एप्रिल १९७८, रविवार

आज रसेल स्ट्रीटच्या लिलावात एअर कंडिशनर घेतला. काही निर्णय एका क्षणात घ्यावे लागतात, आणि ते घेणारी माणसं थोडी. एक परदेशी कंपनी कलकत्त्याचं ऑफिस गुंडाळून चालली होती, तिच्या मॅनेजरच्या केबिनमधला हा माल. जपानी. खास गोष्ट म्हणजे सोबत बिनतारी रिमोट कंट्रोल आहे. साबणाच्या वडीएवढी डबी, चार बटणं. पलंगावर पडल्या पडल्या दाबायचं, मशीन ऐकतं. गार्डन रीचच्या अख्ख्या रेल्वे कॉलनीत असं काही कोणाकडे नाही. मोठ्या साहेबांनासुद्धा उठून बटण पिळावं लागतं.

मंदाकिनीने विचारलं, हे कशाला. म्हटलं, तूच रोज म्हणतेस ना, इथे जीव घुसमटतो. ती काही बोलली नाही. आनंद झाला की ती गप्प होते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी तिला ओळखतो.

संकल्प : आठवड्याभरात सगळं सेटिंग पूर्ण. मग मेमध्ये रजा, तिघांनी पुण्याला जायचं. सासूबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळल्यात, मंदाकिनी दोन वर्षांत त्यांना भेटलेली नाही. रेल्वेचे पास काढून ठेवलेत. माझ्याकडून दिरंगाई नाही.

५ एप्रिल

मशीन शंभर व्होल्टचं निघालं. आपली लाइन दोनशे वीसची. लिलाववाल्यांनी आपण होऊन सांगायला हवं होतं. लीनाचं म्हणणं, बाबांनी विचारायला पाहिजे होतं. मुलगी सतरा वर्षांची, लहानपणापासून इथेच वाढली, त्यामुळे तिचं मराठी बंगाली वळणाचं आणि तुटक आहे. ऐकणाऱ्याला उद्धट वाटतं. तशी ती नाही.

चांदनी मार्केटमध्ये ट्रान्सफॉर्मर बनवायला टाकला.

१३ एप्रिल

ट्रान्सफॉर्मर आला. ट्रंकेएवढा आहे. गुणगुणतो. पलंगाखाली ठेवला.

बेडरूमच्या नदीकडच्या खिडकीचे गज कापून मशीन बसवलं. क्वार्टर सरकारी असल्याने आधी परवानगी लागते म्हणे. नंतर घेऊ. उरलेल्या फटींत पुठ्ठे ठोकले, वर कागद चिकटवले. आता वाऱ्याची झुळूकसुद्धा आत येऊ शकत नाही. मंदाकिनी म्हणाली, संध्याकाळी नदीवरून येणारा वारा तेवढा बरा होता. तिला समजावलं की वारा आणि टेंपरेचर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संध्याकाळी उद्घाटन. वरच्या मजल्यावरचे भादुरी आणि त्यांच्या मिसेस यांना बोलावलं होतं. मी पलंगावर टेकून डबी रोखली. बटण दाबलं. त्याच क्षणी लोडशेडिंग. योगायोग. भादुरी म्हणाले, दादा, तुमच्या रिमोटने सगळं गार्डन रीच बंद केलं. बंगाली विनोदबुद्धी.

मग सगळे गच्चीवर गेले. मी खोलीतच थांबलो. लाइट आले की जवळ कोणीतरी हवं.

१५ एप्रिल

बटणांचा शास्त्रीय अभ्यास सुरू. डबीवरची अक्षरं सगळी जपानी. पहिलं : मशीन चालू. पुन्हा दाबलं की बंद. दुसरं : वारा जोरात. तिसरं : हिरवा दिवा लागतो, बाकी काही नाही. चौथं : काहीच नाही. चौथं बटण वायाच घातलंय.

रात्री चारदा दाबून पाहिलं. पहाटे मशीन आपोआप बंद पडलं, घामाने जाग आली. व्होल्टेज.

२२ एप्रिल

जपानी वाचणारं कोणी मिळेना. भादुरींनी सुचवलं की जपानी लोक चिनी अक्षरं वापरतात, बेंटिक स्ट्रीटवर चिनी चांभारांची दुकानं आहेत, दाखवून बघा. गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने डबी बराच वेळ उलटसुलट केली. एक अक्षर वारा, म्हणाला, एक कापणे, एक आत जाणे. चौथं ओळखीचं वाटतं पण आठवत नाही. वारा कापून आत जाणे. मला अर्थ लगेच लागला, फक्त अजून नीट मांडता येत नाही.

त्याचा वेळ घेतला म्हणून बूट विकत घेतले. चावतात.

२६ एप्रिल

आज ऑफिसात गुरुदत्त कामतने बोलावून घेतलं. तो पर्सोनेल ब्रँचला आहे, आपला माणूस. पुण्यात एक जागा रिकामी होतेय, माझं नाव पहिलं आहे, महिनाअखेरपर्यंत होकार दे, असं म्हणाला. घरी विचारून सांग, असंही म्हणाला.

विचार केला. मंदाकिनीची कलकत्त्याबद्दलची तक्रार एकच : उकाडा. तो प्रश्न सुटत आलाय. मग संसार उचलून पुण्याला नेण्यात काय अर्थ? शिवाय एवढं मोठं मशीन उतरवायचं, पुण्यात परत लावायचं. भिंतही वेगळी असणार.

तिला विचारणार होतोच. पण ती संध्याकाळी गच्चीवर होती. हल्ली लाइट गेले की मायलेकी वरच असतात. भादुरीबाई मुरमुरे करतात, लीना गाते. हसण्याचे आवाज खालपर्यंत येतात. मी खोलीत मशीनपाशी.

२८ एप्रिल

गुरुदत्तला नकार लिहून दिला. तो म्हणाला, वहिनींना विचारलंस ना? म्हटलं, आमच्यात विचारण्याची गरज पडत नाही.

घरी सेटिंग पूर्ण झालं की सांगेन. खोली गार असताना सांगावं, म्हणजे पटेल.

७ मे, रविवार

रजा सुरू. उद्याची गाडी होती. पण मशीनने नवीनच खोड काढली आहे. चालू असताना मध्येच बंद पडतं, बंद असताना चालू होतं, वारा कमीजास्त होतो, आणि डबी माझ्या हातात, बटणाला बोटसुद्धा लावलेलं नसतं. अशा अवस्थेत घर सोडून जाणं बेजबाबदारपणाचं झालं असतं. घराला आग लागायची.

प्रवास आठवडाभर पुढे ढकलला. मंदाकिनीने बांधलेलं सामान सोडलं नाही. ट्रंका हॉलमध्ये तशाच आहेत. येताजाता ठेचकाळतो.

१५ मे

प्रवास पुन्हा पुढे ढकलला. पास ऑगस्टपर्यंत चालतात, घाई कसली? सासूबाईंच्या तब्येतीत फरक नाही, म्हणजे तसं काळजीचं कारण नाही. मंदाकिनीला हे सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

१९ मे

मोठा शोध.

दुपारी भादुरीबाई आल्या होत्या. बंगाली बायकांच्या रीतीप्रमाणे किल्ल्यांचा जुडगा पदराला बांधलेला. जाताना त्यांनी पदर खांद्यावर टाकला, किल्ल्या खळखळल्या, आणि मशीन बंद झालं. त्यांनी सॉरी म्हणून पदर सारखा केला. मशीन चालू झालं.

लीना म्हणाली, बाबा, हे मशीनला डबी आणि किल्ली सेम ऐकू येते. मग तिने चमचे वाजवून दाखवले. वारा जोरात. हे माझ्या लक्षात येतच होतं, तिने फक्त आधी बोलून दाखवलं. डबीतून माणसाच्या कानाला न येणारा बारीक आवाज निघतो, धातूवर धातू, काचेवर काच आपटली की तसाच. म्हणजे दोष मशीनचा नाही. घराचा आहे.

नवे नियम : बेडरूममध्ये किल्ल्या नाहीत. चमचे नाहीत. सुटे पैसे नाहीत. देवघरातली घंटा शेजारच्या खोलीत असल्यामुळे तूर्त ती न वाजवता नुसते हात जोडायचे. लीनाच्या पैंजणांना बंदी.

२१ मे, रविवार

किल्ल्या, चमचे, घंटा सगळं बंद, तरी मशीन पहाटे दोनदा बंद पडलं. जागा राहून निरीक्षण केलं. मंदाकिनी कूस बदलते, बांगड्या वाजतात, मशीन बंद. काचेच्या हिरव्या बांगड्या, दोन्ही हातांत डझनभर.

तिला शांतपणे, शास्त्रीय भाषेत समजावलं. झोपताना तेवढ्या काढून ठेवायच्या. सकाळी परत घालायच्या. उन्हाळ्यापुरतं.

ती उठून बसली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, "तुम्ही असताना मी हात मोकळे करायचे, तर मग तुम्ही असून उपयोग काय?"

मी म्हणालो की या अंधश्रद्धा आहेत. मग उशी घेऊन ती हॉलमध्ये जाऊन झोपली, ट्रंकांच्या पलीकडे.

मशीन पहाटेपर्यंत एकदाही बंद पडलं नाही. म्हणजे माझं अनुमान अचूक होतं.

२५ मे

मंदाकिनी आता लीनाच्या खोलीत झोपते. तिथे पंखा आहे. प्रश्न सुटल्यासारखाच आहे, फक्त थंडाव्याचा उपयोग एकट्या मला होतोय. हे मला पटत नाही. तिने परत यावं म्हणून मशीनच्या कानावर, म्हणजे समोरच्या जाळीवर, फ्लॅनेलचा तुकडा चिकटवला. आता ते बांगड्या ऐकत नाही. डबीही ऐकत नाही. उठून हाताने लावावं लागतं.

तात्पुरतं.

२८ मे, रविवार

हाजऱ्याला महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम होता. मी गेलो नाही, लाइट होते. मंदाकिनी आणि लीना गेल्या. तिथे गुरुदत्तची बायको श्यामला भेटली. तिने सहज विचारलं म्हणे, पुण्याला का नाही म्हणालात, एवढी चांगली जागा होती.

मंदाकिनी परतली तेव्हा मी वारा आणि हिरवा दिवा यांचा संबंध तपासत होतो. दारातच उभी राहून तिने विचारलं, हे खरं का. खोली नेमकी गार होती, म्हणून म्हटलं, आत ये, बस, सांगतो. ती आत आली नाही.

तिथूनच म्हणाली, "मला उकाड्याचं काही नव्हतं हो. आई तिकडे, मी इकडे, आणि तुम्ही कुठेच नाही. त्याने घुसमटत होते."

मी सांगितलं की हे तिने स्पष्ट शब्दांत आधी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, रोज बोलत होते.

तपासून पाहिलं पाहिजे. मला तरी आठवत नाही.

१ जून

मंदाकिनी आणि लीना आज गीतांजलीने गेल्या. ट्रंका बांधलेल्याच होत्या, त्यामुळे वेळ लागला नाही. हावड्याला सोडायला गेलो. भादुरीबाई आल्या होत्या, त्या दोघी गळ्यात पडून रडल्या. मला हे जरा जास्त वाटलं, महिन्याभराचा तर प्रश्न. मी खिडकीतून मंदाकिनीला सांगितलं की तू परत येशील तेव्हा सगळं सेटिंग झालेलं असेल, बांगड्यांसकट. ती म्हणाली, डबा फडताळात आहे, पिठाला जाळी लागेल, बघा.

लीनाने हात हलवला. गाडी हलल्यावर.

४ जून, रविवार

फ्लॅनेल काढलं. घरात आता वाजणारं काहीच नाही. डबी शंभर टक्के चालते. चौथ्या बटणाचाही उलगडा झाला : एकदा दाबलं की एक तास, चारदा दाबलं की चार तास, मग मशीन आपलं आपण बंद. उत्तम सोय आहे. कोणाला तरी दाखवायला हवी होती. भादुरींना बोलावलं. ते म्हणाले, आज नको, दादा.

१८ जून, रविवार

पाऊस लागून आठवडा झाला. रात्री पांघरूण घेऊन झोपतो. मशीन बंद करता येतं, पण मग खोलीत फारच शांत वाटतं.

मंदाकिनीचं पत्र नाही. लीनाचं आलं, मराठीत, ऱ्हस्व-दीर्घ सगळे चुकलेले. तिने पुण्यात कॉलेजचा फॉर्म भरला. आईने शाळेत नोकरी धरली, आजीच्या घराजवळच. म्हणजे महिन्याभरासाठी कोणी नोकरी धरत नाही, हे माझ्या लक्षात आलं. आज दुपारी आलं.

२३ जून

गुरुदत्तकडे गेलो. म्हटलं, सगळ्या बाजूंनी फेरविचार करता मी पुण्याला जायला तयार आहे. त्याने फाइल उघडलीसुद्धा नाही. श्यामसुंदर म्हणून कोणी नागपूरकडचा आहे, तो मागच्या आठवड्यात रुजू झाला. परत जागा कधी निघेल, हे विचारलं. तीन-चार वर्षं तरी नाही, म्हणाला. मग त्याने विचारलं, जेवायला येतोस का घरी? म्हटलं, नाही, घरी कामं आहेत.

गज कापल्याबद्दल इस्टेट ऑफिसचा मेमो टेबलावर होता.

२ जुलै, रविवार

सकाळी पुण्याला ट्रंक कॉल लावला. सासूबाईंच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे, भिंतीला भिंत लागून. दुपारी जेवताना लागला. मनात सगळं तयार होतं : मी रजा घेऊन येतो, आणि आल्यावर मशीनचा विषय काढणार नाही.

फोनवर लीना आली. आवाज चांगला येत होता. आई कुठे, विचारलं. आजीला अंघोळ घालतेय, म्हणाली, आजी आता आधाराने उठून बसते. मी म्हणालो, वा. ती म्हणाली, हो. तिकडे पाऊस आहे का, विचारलं. आहे, म्हणाली. तिचं मराठी सुधारलंय.

मग तिने विचारलं, "बाबा, काही काम होतं का?"

म्हणालो, नाही, सहज.

आईला हाक मारू का, असं तिने विचारलं. म्हटलं, राहू दे, ओल्या हाताने कशाला यायचं.

कॉलच्या तीन मिनिटांतला वेळ बराच उरला होता. आम्ही दोघंही लाइनवर होतो. तिच्या पाठीमागे कोणीतरी बालदीत पाणी ओतत होतं. ऑपरेटर मध्ये आली, आणखी तीन मिनिटं हवी आहेत का, म्हणाली.

नको म्हणालो.