साफ्ताचं पाणी

१२ ऑक्टोबर

चि. व्हिऑरिका हीस तुझ्या बापाचे आशीर्वाद.

आईला पुरून तू इटलीला परत गेलीस त्याला महिना झाला आणि मी आज लिहितोय. रागावू नकोस, चार वेळा कागद काढून ठेवून दिला. फोनवर सांगितलं असतं, पण फोन समोरच्या घरातल्या लिनाचा, आणि ती शेजारी कान देऊन बसते. म्हणून हे पत्र इटलीच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय.

मी बरा आहे. गुडघा दुखतो. डुक्कर दोन दिवस नीट खात नाही, त्याची काळजी लागलीय. आलुबुखारं निम्मी झाडाखालीच सडली. माझी साफ्ता, तुझी आई, असती तर एक वाया गेलं नसतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा मका खुरपताना ती माझ्या एक ओळ पुढे असायची. चार मुलं, दोन गाई, आठ वर्षं अंथरुणाला खिळलेली माझी आई, सगळं तिनंच ओढलं. हे मी तिला कधी म्हणालो नाही.

आता पाण्याचं. मेलेल्याला तिकडे तहान लागू नये म्हणून चाळीस दिवस रोज एक बादली कुणाच्या तरी घरी पोचवतात, हे तू विसरली नसशील. कुणाच्या घरी, ते आईनं लिनाला सांगून ठेवलं होतं. लिनाला! मला नाही. तुदोरच्या घरी.

आपल्या कुंपणापलीकडचा तुदोर. ईस्टरचं पहिलं लाल अंडं दरवर्षी त्याच्याकडे जायचं, आठवतं? मी विचारलं की ती म्हणायची, "शेजारी आहे, खाईल." डावीकडेही शेजारी होते, ते काय उपाशी होते? कुंपणालगतचं नासपतीचं झाड मी तोडलं, कीड लागली म्हणून सांगितलं. कीड नव्हती. त्याच्या सावलीत ती दोघं कुंपणाच्या दोन बाजूंनी बोलत उभी राहायची.

लिना रोज बादली नेई आणि काठीवर चाकूनं एक खूण करी. एकतीस खुणा मी मुकाट्यानं पाहिल्या. आज सकाळी तिच्या हातातून बादली ओढून घेतली आणि पाणी अंगणात ओतलं.

"मारिनभाऊ, अहो, बाई तिकडे तहानलेली राहील!"

"मग तुदोरनं पाजावं तिला!"

ती रडत गेली. तासाभरानं तुदोर काठी टेकत फाटकाशी आला. "मारिन, आज पाणी आलं नाही. आजारी आहेस का?"

"तुझं आणि तिचं काय होतं ते सांग, मग पाणी."

तो हसलाच. "म्हाताऱ्या, दात गेले तुझे, आणि हे आता विचारतोस? तू धरणाच्या कामावर होतास तो हिवाळा आठवतो? तुमची विहीर ढासळली होती. साफ्ताला आठवा महिना. ओढा गोठलेला. मी रोज सकाळी दोन बादल्या या फाटकाशी ठेवत होतो. ती रिकाम्या बाहेर ठेवायची. फाटकाच्या आत पाय टाकला नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी?"

व्हिऑरिका, तेव्हा तिच्या पोटात तू होतीस. वसंतात मी परत आलो, तुला उचललं, नवी विहीर खणली आणि तिच्यावरून गावभर मिरवलो. इतके महिने पाणी कुठून आलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. काही वाईट निघालं असतं तर मी त्याला शिव्या तरी दिल्या असत्या. आता मत्सर जास्तच जाळतो. तिनं आयुष्यभर ज्याची आठवण धरली ते काम माझं होतं, आणि ते त्यानं केलं.

वीस तारखेला चाळीस दिवस भरतात. त्या दिवशी त्या खुणांच्या काठीवर मेणबत्ती लावून ती ओढ्यात सोडायची. नऊ बादल्या राहिल्यात. लिना म्हणते, हे बायकांचं काम, नवऱ्यानं नेलेलं पाणी पोचत नाही. मला ते न्यायचं आहे. तुदोरच्या फाटकापर्यंत, गुडघा दुखला तरी.

तुझ्याजवळ ती मनातलं बोलायची. माझ्या हातचं पाणी ती पिईल का, एवढंच कळव. ड्रायव्हर शनिवारी तिकडून निघतो, त्याच्याजवळ चिठ्ठी दे. एक ओळ पुरे. उशीर करू नकोस, पोरी.

बादली भरून दारात ठेवली आहे.

तुझा बाप,
मारिन