आखूड वर, लांब पुढे

३ नोव्हेंबर
आले एकदाची डहाणूत! दोन बॅगा, तीन जाडजूड पुस्तकं आणि आईचा लाडवांचा डबा, सगळं शाबूत. कॅन्सर सर्जरीच्या फेलोशिपचे शेवटचे सहा महिने इथल्या ट्रस्टच्या रुग्णालयात काढायचे आहेत. खोली जवळच्या आगर गावात, हरिश्चंद्रकाकांच्या चिकूच्या वाडीत. दारावर त्यांनी खडूने ‘डॉ. श्रुतिका’ लिहून ठेवलंय. काका दिवसभर कलमं बांधत असतात. म्हणाले, बांधणी चुकली तर कलम मरतं आणि खालचं रानटी झाड जोमाने वर येतं. मी म्हटलं, काका, गाठी मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

५ नोव्हेंबर
आमचे सुदर्शन सर कमी बोलतात, पण शिकवतात जीव ओतून. थिएटरच्या दक्षा सिस्टर तलासरीच्या. मराठीत सुरू केलेलं वाक्य गुजरातीत संपवतात. सरांनी इथली पद्धत सांगितली. कॅन्सरचा तुकडा काढला की त्याला दोन काळे रेशमी धागे बांधायचे, आखूड वर आणि लांब पुढे. तुकडा मुंबईच्या लॅबला जातो. तोंडात तो कसा होता हे तिथे धाग्यांवरूनच कळतं, आणि कुठल्या कडेला कॅन्सर उरलाय ते त्यावरूनच कळवतात. माझ्या जुन्या कॉलेजात नेमकं उलट होतं, लांब वर. हे काय पाठ करायचं, म्हणून मनात हसले. शेवटी सरांची एक सही मिळाली की मी एकटीने ऑपरेशन करायला मोकळी.

१९ नोव्हेंबर
आज कुसुमबाईंचं ऑपरेशन. धाकट्या डहाणूच्या, बोंबील विकतात. मिसरी लावून लावून डाव्या गालाला आतून कॅन्सर झालाय. भूल देण्याआधी माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, “नीट कर हां बाय, पोरीचं लगीन हाय.” सरांनी निम्म्याहून जास्त काम मला करू दिलं. धागे मीच बांधले, बोलता बोलता, पटापट. सर म्हणाले, छान. त्यांच्या तोंडून ‘छान’ म्हणजे सोनंच. आज मी स्वतःवर जाम खूश आहे.

२५ नोव्हेंबर
दुसऱ्या पेशंटचा तुकडा बांधत होते. दक्षा सिस्टर म्हणाल्या, “बेन, आखूड वर ने?” माझा हात हवेतच राहिला. मी लांब धागा वर बांधत होते, जुन्या सवयीने. म्हणजे कुसुमबाईंच्या तुकड्यालाही तसाच बांधला.
सरांना सांगायला हवं. लॅबला एक फोन, दोन मिनिटांचं काम. पण त्या ‘छान’ला आठवडाही झाला नाही. अहवाल स्वच्छ आला तर कुठला धागा कुठे होता, कोण विचारतंय? थांबते.

३० नोव्हेंबर
अहवाल स्वच्छ नाही. वरच्या कडेला कॅन्सर उरलाय असं लिहिलंय. म्हणजे खरं तर पुढच्या कडेला. सर म्हणाले, परवा पुन्हा उघडून वरचं आणखी काढू. मी नुसती मान डोलावली. मला माझीच किळस आली.

२ डिसेंबर
वरचं काढलं. निरोगी, चांगला भाग काढला, आणि मी गाल ताणून धरायला उभी होते. पुढचं तसंच आहे.

११ डिसेंबर
नवा अहवाल स्वच्छ. असणारच. म्हणून सरांनी पुढचा किरणोपचारही रद्द केला. कुसुमबाई रडल्या. माझ्या हातावरून हात फिरवत म्हणाल्या, “तुझा हात हलका हाय गो बाय.” मला वर बघवेना.
दुपारी काकांनी दिलेला चिकू कापला. आत बीजवळ काळं रेशीम. एक आखूड धागा, एक लांब. गाठ माझीच, तीन वेढ्यांची. काकांना दाखवलं. ते म्हणाले, अहो डॉक्टर, ही तर बी आहे.

२० डिसेंबर
कुसुमबाईंनी सुके बोंबील पाठवले. पुडी सोडली तर एकेका बोंबलाला दोन धागे. लांब वर, आखूड पुढे. सगळे चुकीचे. पुडी वाडीत कलमाखाली पुरली.

६ जानेवारी
ब्रशमध्ये. उशीच्या अभ्र्यात. भाताच्या घासात. आज सरांच्या दारापर्यंत गेले. सर म्हणाले, बोल. म्हटलं, एक दिवस सुट्टी हवी होती.
जीव देण्याइतकी लाज वाटते आणि एवढं एक वाक्य बोलवत नाही.

१८ जानेवारी
कुसुमबाई तपासणीला आल्या. ओठाच्या कोपऱ्यापाशी, आतून, गाठ. पुढेच. म्हणाल्या, काहीतरी टोचतंय. सरांनी मला तपासायला सांगितलं. मी बोट घातलं. गाठ हलली — सुटली — माझ्या बोटाला वेढा घातला. एक. दोन. तीन. ओरडून हात ओढला. बोटावर काहीच नव्हतं. सर वाट बघत होते.
मी म्हणाले, टाक्यांची सूज आहे. महिन्याने बघू.
पोरीच्या लग्नाला बोलावलंय त्यांनी. पुढच्या महिन्यात.

१९ जानेवारी
माझ्या डाव्या गालाला आतून दोन टाके आहेत. दुखत नाहीत. मी घातले नाहीत. कात्रीने तुटत नाहीत —

२१ जानेवारी, सकाळ
आज सांगणार होते. नक्की. तोंड उघडत नाही. काका विचारतात, बोलत का नाही. त्यांना टाके दिसत नाहीत —
ही वहीच सरांना देते. सर, कुसुमबाईंची पुढची कड. पुढची. आजच बोलवा त्यांना, चूक माझी, फक्त माझी —
वाडीत कुणीतरी हाक मारतंय. मासळी घ्यायची का म्हणून.
कुसुमबाई. दारात. पण मी कुठे राहते ते त्यांना कधी सांगितलंच नाही — हातात मासळीची सुरी आहे. म्हणतात, हलू नको बाय, माझा पण हात हलका हाय —
समोर आरसा. धागे गालाच्या बाहेरूनही दिसताहेत आता. आखूड वर. लांब पुढे. या वेळी बरोबर बांधलेत. कुठून कापायचं ते त्यांना बरोबर कळ