माझी शिफारस, माझ्याच हातची

३ एप्रिल
शेवाळावर पीएचडी होऊन आठ महिने झाले. आता पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी. मोठ्या युनिव्हर्सिटीत एकच जागा आहे. मला तरी कुठे दोन हव्यात. इथल्या लॅबमधली माझी मुदत तीस तारखेला संपते. तोवर जमलं नाही तर मेव्हण्याच्या क्लासमध्ये शाळकरी पोरांना विज्ञान शिकवायचं, असं बायकोने परस्पर ठरवून टाकलं आहे. हसून सोडून दिलं.

४ एप्रिल, सकाळी
लॅबच्या सरांकडे शिफारसपत्र मागितलं. म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. सगळ्यांना हेच सांगतात. माझ्या बाबतीत मात्र तो विश्वास आहे.

७ एप्रिल
पहिलं वाक्य झालं. ‘असा संशोधक शतकात एखादाच.’ मग शतक खोडून दशक केलं. नम्रता हवी.

९ एप्रिल
नम्रता जास्त झाली. पुन्हा शतक.

१२ एप्रिल
चार पानं. सर माझ्याकडून काय काय शिकले, ते दुसऱ्या पानावर आलंय. बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, हा माणूस राहतो कुठे? भाजी निवडत ऐकलं की असंच होतं.

१३ एप्रिल
धाकटी, म्हणजे लॅबमधली माझी ज्युनिअर, त्याच जागेला अर्ज करतेय. करू दे, अनुभव मिळेल. सरांनी तिलाही तिचं पत्र तिलाच लिहायला सांगितलं, पण स्वतःबद्दल लिहायची तिला लाज वाटते. म्हणाली, दादा, तुम्ही द्याल का लिहून? चहा निवायच्या आत दिलं. मशीन बिघडलं की स्वतः दुरुस्त करते. चुकलं की त्याच दिवशी येऊन सांगते. हिने वाढवलेलं शेवाळ मरत नाही. बस. विशेषणं सगळी माझ्याच पत्रात संपली होती.

१४ एप्रिल
सरांनी दोन्हींवर सह्या केल्या. माझी चारही पानं वाचून विचारलं, हे कोणाबद्दल आहे? थट्टेखोर आहेत.

१५ एप्रिल
अर्ज गेला. माळ्यावरून मोठी बॅग काढली. बायकोने तीत जुनी पांघरुणं भरून ती परत वर ठेवली.

२२ एप्रिल
व्हिडिओवर मुलाखती. माझी अकरा मिनिटांत उरकली. माझ्यासारख्याला विचारणार तरी काय. धाकटीला पाऊण तास छळलं, बिचारी.

२८ एप्रिल
जागा धाकटीला मिळाली. मला मेल आला: पत्र प्रभावी आहे, पण उमेदवार नेमकं काय करतो ते कळलं नाही. तिला तिथले प्रोफेसर म्हणाले म्हणे, इतकं खरं पत्र बऱ्याच वर्षांत वाचलं नव्हतं. म्हणजे तत्त्वतः माझीच निवड झाली.

संध्याकाळी
नाही झाली. फार वाईट वाटतंय.

३० एप्रिल
मेव्हण्याचा फोन. भावोजी, घरचे असलात तरी फाइलला सरांचं पत्र लागेल. सरांकडे गेलो. म्हणाले, तूच लिहून आण.

या वेळी थोडक्यात आणि खरं लिहायचं ठरवलं, धाकटीच्या पत्रासारखं. दुपारपासून बसलो. चहा तीनदा निवला. एक ओळ झाली: मशीन बिघडलं की धाकटीला बोलवायचं, हे यांना पक्कं ठाऊक आहे.

बायकोने वाचलं. म्हणाली, हा इथेच राहतो.