घर, ए पासून झेडपर्यंत

२ मे, सकाळी ७

आजपासून सामान बांधायला सुरुवात.

ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं, तीन मजले चढउतार बंद, तळमजल्यावर राहायला जा. घरही फेब्रुवारीतच मिळालं, दोन गल्ल्या सोडून. पण फेब्रुवारीत पाहुणे होते. मार्चमध्ये माझा गुडघा. एप्रिलमध्ये पडदे धुतले, आणि नुकते धुतलेले पडदे उतरवणं जिवावर येतं. आता वीस तारखेला इथे दुसरं कुटुंब येतंय. अठरा दिवस आहेत. भरपूर झाले.

हे चार महिन्यांत एकदाही खाली उतरलेले नाहीत. तक्रार नाही. मुळातच घरकोंबडा माणूस. खिडकीत बसून रस्ता बघतात, खूश असतात.

३ मे

लेकीचा फोन. म्हणाली, आई, एकेका खोलीचं सामान एकेका खोक्यात भर आणि वर खोलीचं नाव लिही. म्हटलं, ते सगळेच करतात. मी इंग्रजी अक्षरांप्रमाणे बांधणार. ए पासून झेडपर्यंत. डिक्शनरीत शब्द सापडतो तशी घरात वस्तू सापडली पाहिजे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर माझं नीटनेटकं डेस्क उघडून अख्ख्या वर्गाला दाखवायच्या.

 लेक म्हणाली, बाबांना फोन दे.

५ मे, दुपारी ३

बेचाळीस डिग्री. ए संपत आला. अल्बम भरताना आत फोटो सुटे झालेत का, ते तपासावं लागलं. तीन तास गेले. लेकीचा शाळेचा पहिला दिवस, ह्यांचे केस, माझी कंबर. हे म्हणाले, रडतेस का? म्हटलं, घाम आहे.

८ मे

बी झाला. सी मध्ये कप, कंगवे, कॅलेंडर आणि कूलर. खोलीची भट्टी झाली. हे म्हणाले, अगं, अजून अकरा दिवस इथे काढायचेत, कूलर तरी ठेव. समजावलं की एका वस्तूसाठी नियम मोडला की सगळंच गडगडतं. हे वर्तमानपत्राने वारा घेत बसले.

संध्याकाळी कूलर बाहेर काढला. तात्पुरता.

१२ मे

सामान हलवणाऱ्यांचा मुकादम घर बघायला आला. खोक्यांवरची अक्षरं वाचली आणि विचारलं, काकू, ह्यात स्वयंपाकघर कुठलं? म्हटलं, सगळ्यांत थोडं थोडं. तो ह्यांच्याकडे बघायला लागला. हे खिडकीबाहेर बघायला लागले.

त्याचं म्हणणं, ऊन फार आहे, त्याची माणसं पहाटे साडेपाचला सुरू करतील आणि दहाला थांबतील. मी म्हटलं, माझ्या पद्धतीने आठलाच संपेल.

कपाटाचं काय, म्हणाला, झोपायच्या खोलीपुढच्या बोळातून जाईल का? मी टेपने मोजलंय. जातं.

१५ मे

एच पर्यंत आले. वेग वाढवायला हवा. पण पत्रं बाहेर आली, आणि पत्र न वाचता लेटर म्हणून एल मध्ये टाकायचं की पर्सनल म्हणून पी मध्ये, कसं ठरवणार?

हे आज सहज म्हणाले, खाली चांभाराने दुकानापुढे नवीन बाक टाकलाय. म्हटलं, बरं झालं, इथून दिसतो.

१७ मे

लेकीने उन्हाच्या सूचना लिहून पाठवल्या. बाबांना ऊन चढायच्या आत खाली न्यायचं. प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटं बसवायचं. दर अर्ध्या तासाला पाणी, मीठ-साखरेचं असेल तर उत्तम. बाबांच्या गोळ्या जवळ ठेवायच्या, ट्रकमध्ये नाही. चक्कर आली तर सावली आणि ओला टॉवेल.

अक्षरन् अक्षर पाळणार. कागद इन्स्ट्रक्शन्स म्हणून आय मध्ये ठेवला. बसायला तीन स्टुलं, तीन मजल्यांना तीन. एस. गोळ्या कुठे ठेवायच्या यावर मात्र बराच विचार केला. मेडिसिन म्हणून एम? टॅब्लेट म्हणून टी? शेवटी ई. इमर्जन्सी. घाईच्या वेळी माणसाच्या डोक्यात पहिला तोच शब्द येतो. हे तेव्हा दारातच उभे होते. 

१८ मे, संध्याकाळी ६

एन. बाकीची अक्षरं उद्या पहाटे उठून.

१९ मे, संध्याकाळी ७. नवीन घर

झालं सगळं. थोडे बदल करावे लागले.

साडेपाचला मुकादम आणि त्याची चार माणसं आली. ओ पासून पुढचं बांधायचं होतं. ते म्हणाले, आम्ही भरतो. मी म्हटलं, अक्षराप्रमाणे. त्यातल्या एकाने विचारलं, काकू, लाटणं कशात? मी विचार करेपर्यंत त्याने ते गादीत गुंडाळलं.

ट्रकमध्ये आधी झेड चढवायचं ठरलं होतं, म्हणजे तिकडे आधी ए उतरेल. मुकादम म्हणाला, जड आधी. यावर आमचं पाऊण तास चाललं. जड आधी गेलं. स्टुलंही गेली. ई सुद्धा.

ह्यांना सहालाच खाली न्यायचं होतं. पण स्टुलांशिवाय कसं नेणार? म्हटलं, थांबा, सोय करते. हे बूट घालून हॉलमध्ये बसून राहिले. साडेनऊ झाले.

मग कपाट. मी कपाटाची उंची मोजली होती, तीही बरोबर मोजली होती. बोळ मात्र रुंदीला कमी निघाला. ते मधोमध अडकलं. पलीकडे हॉल, जिना, माणसं. अलीकडे झोपायची खोली आणि मी. पंखा उतरवलेला. कूलर ट्रकमध्ये. पश्चिमेची खिडकी आहे, पण तिच्यासमोर पंधरा खोकी रचलेली, आणि ती मीच रचलेली.

तिकडून ढकलत होते, इकडून मी सूचना देत होते.  मुकादम म्हणाला, काकू, कपाटाची दारं काढावी लागतील, स्क्रू गंजलेत, तुम्ही बोलू नका, दम लागेल.

साडेअकरा. ह्यांच्या गोळीची वेळ बारा. ट्रक उन्हात उभा, ई तळाशी. मी कपाटावर मुठी आपटल्या. म्हटलं, अहो, गोळ्या! ट्रकमध्ये गेल्या! कपाटावरून पाण्याची बाटली अलीकडे आली, मागून ह्यांचा आवाज. म्हणाले, गोळ्या माझ्या खिशात आहेत. तू ई मध्ये टाकल्यास त्याच दिवशी काढून घेतल्या. पाणी पी. सगळं पी.

प्यायले. मीठ-साखरेचं होतं. ते कुणी केलं, साखर तर एस मध्ये होती.

मग हे म्हणाले, मी खाली जातोय. मी म्हटलं, थांबा, मी आल्याशिवाय नाही, स्टुलं नाहीत, बसणार कशावर? म्हणाले, खोक्यांवर. मुकादम सोबत आहे. पावलं ऐकू आली. हळू, पण न थांबता दारापर्यंत गेली. चार महिन्यांत ह्यांची एवढी पावलं सलग ऐकली नव्हती.

दारं निघाली तेव्हा पावणेएक वाजला होता. मी धावत खाली गेले. हे जिन्याखालच्या सावलीत खोक्यावर बसून मुकादमाशी हसत बोलत होते. मला बघून म्हणाले, अगं, तुझा चेहरा! पुढचं नीट आठवत नाही. चक्कर मलाच आली. ओला टॉवेल माझ्याच डोक्यावर होता. मुकादम कुणाला तरी म्हणत होता, काका ठीक आहेत रे, काकूंना धरा.

लेकीला कळवलं, सगळं सुरळीत पार पडलं.

२१ मे, संध्याकाळी ७.३०

सामान लावणं चालू. बी ची नऊ खोकी अजून बंद. चहाचं भांडं सापडलं, आणि वापरासाठी बाहेर ठेवलेले दोन कप.

पाच वाजता ह्यांनी चपला घातल्या. जरा पाय मोकळे करून येतो म्हणाले. पायरी एकच आहे, अडवायला कारण सापडेना. म्हटलं, अर्ध्या तासात या.

सहा झाले. साडेसहा झाले. चहा टाकला होता तो उतरवला. छत्री घेऊन बघायला निघाले. दोन गल्ल्या. आमच्या जुन्या घराखालीच चांभाराच्या बाकावर बसले होते. बाजूला चांभार, समोर दोन ओळखीचे म्हातारे. हे हात हलवून काहीतरी सांगत होते आणि सगळे हसत होते. एक म्हातारा म्हणाला, अरे, चार महिने तू वरून हात करायचास आणि आम्ही खालून. आम्हाला वाटलं, वहिनी सोडत नाहीत.

ह्यांनी काय उत्तर दिलं, ते ऐकायला मी थांबले नाही. विजेच्या खांबाआडून तशीच मागे फिरले.

सात वाजता हे आले. चेहऱ्यावर घाम, शर्ट चुरगळलेला. चहा गाळते म्हटलं, तर म्हणाले, झाला माझा, तिथेच घेतला. उद्या तूही चल.

म्हटलं, बघू, सी उघडायचाय.

दोन्ही कप मीच प्यायले.