पिवळीधमक भिंत

ती. आईस,

लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, पोटभर जेवतो, उगाच घोर लावून घेऊ नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

तू विचारलंस, "असले काळेपांढरे, कुणी गेल्यासारखे फोटो कशाला काढतोस?" अगं, इथले कामगार कसे राहतात ते टिपायला कारखान्याने मला बोलावलंय. पण मी कुठल्याही खोलीत जायच्या आधी मॅनेजर तिथे रंगारी पाठवतो. भिंत पिवळीधमक होते. रंगीत फोटोत मग ती भिंतच मिरवते. कृष्णधवलमध्ये तिचा तोरा उतरतो, रंगाखालचे पोपडे दिसतात आणि माणसाचे डोळेही.

मॅनेजरला हे पसंत नाही. "रंगीत काढून द्या आणि खुशाल घरी जा," म्हणतो. तोवर पासपोर्ट त्याच्या कपाटात. हरवू नये म्हणून, बाकी काही नाही.

रंगीत काढायला कितीसा वेळ लागतो गं! पण भट्टीवरचा एकजण म्हणाला, "असा फोटो घरी गेला तर बायको म्हणेल, एवढं छान आहे तर रडतोस कशाला?" तेव्हापासून हात धजत नाही.

ताईच्या बाळंतपणाला येईन म्हणतो. तिला जप.

काल खोलीवर आलो, तर माझी खाट मधोमध ओढलेली आणि भिंत ओली. रंगारी ब्रश धूत होता. मी म्हटलं, "अहो, मी तर पाहुणा!" तो म्हणाला, "मला राहत्या माणसांच्याच खोल्या सांगतात."

रंग छान आहे, आई. तुला आवडेल.

तुझा धाकटा